पान सत्तेचाळीसची टर्की

आर्डन क्वामे या गृहस्थाने आयुष्यात कधी कुणाचं वाईट केलं नाही आणि स्वयंपाकही कधी केला नाही. अडतीस वर्षं तो टोर्वालच्या पोस्टात खिडकीमागे बसला. पाकिटावर जो पत्ता लिहिलाय तिथेच ते गेलं पाहिजे, मग तो पत्ता चुकीचा का असेना, या एका तत्त्वावर त्याने अख्खी नोकरी काढली. (एकदा तर तिकीट कमी लावलं म्हणून त्याने स्वतःच्या बायकोचं पत्र तिलाच परत केलं होतं. त्या आठवड्यात तो डब्यातलं सूप गरम न करता जेवला.)

असा हा माणूस थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या त्या टर्की खायच्या सणाच्या, आधीच्या सोमवारी टोस्टला लोणी लावता लावता म्हणाला, "यंदाची टर्की मी करतो."

समोर त्याची बायको मार्लिस बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. आठ दिवसांपूर्वी चर्चच्या पायऱ्यांवर बर्फावरून तिचा पाय घसरला होता. हातात बटाट्याच्या भाजीचं भलंमोठं झाकणाचं भांडं होतं. पडताना तिने भांडं वाचवलं आणि मनगट मोडून घेतलं. अँब्युलन्समध्ये चढताना ती ओरडून सांगत होती, "ते गरम असतानाच वाढा गं!" अशी बाई. आमच्या गावात तिला का मानतात, ते आणखी सांगायला नको.

"तू?" मार्लिस म्हणाली.

"मी."

"आर्डन, ओव्हनचं दार कुठून उघडतं, माहीत आहे का तुला?"

आर्डनने वळून ओव्हनकडे पाहिलं. "पुढून."

"चला, सुरुवात तरी बरोबर झाली."

"चेष्टा कर तू. एकेचाळीस वर्षं बघतोय मी तुला टर्की करताना." (बघतोय म्हणजे खुर्चीत बसून पेपर वाचतोय. पण वास येत होता, तेही बघणंच की.) "फक्त माझी एक अट आहे. तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस. मी विचारणार नाही, तू सांगायचं नाही. आयुष्यभर तू मला बसवून खायला घातलंस, आता एक दिवस तू बस."

आता हे शेवटचं वाक्य आर्डनने इतक्या मनापासून म्हटलं की मार्लिसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ती 'बरं' म्हणून बसली. इथेच सगळा घात झाला.

मार्लिसच्या टर्कीबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. वरची कातडी कुरकुरीत, तांबूस, सुरी टेकवली की कर्र वाजणारी. आतलं मांस इतकं ओलसर की घास तोंडात नेईपर्यंत रस मनगटावर ओघळतो. पोटातलं सारण पावाचं, सेलरीचं, सेजच्या पानांचं. आणि ग्रेव्ही! तिचा रंग नि तिचा तो किंचित कडसर खमंगपणा कुठून येतो, हे गावात कुणालाही सांगता आलेलं नाही. आमचे आधीचे म्हातारे पाळक तिच्याकडे जेवायला बसले की प्रार्थना दोन ओळींत उरकायचे. देवाला सगळं माहीत आहेच, म्हणायचे.

आणि वर्डेलच्या टर्कीबद्दल एकच शब्द पुरे. कोरडी. वर्डेल म्हणजे आर्डनची थोरली बहीण, मार्लिसची नणंद. दोन गल्ल्या सोडून राहते, बोलायला फटकळ, मनाची चांगली. ती थँक्सगिव्हिंगला मार्लिसकडे यायची, पण नाताळची टर्की स्वतःच्या घरी करायची, आणि ती घशाखाली उतरवायला प्रत्येकाला तीन तीन पेले पाणी लागायचं. तिचा नवरा लॉइड मात्र दर वेळी ताट पुढे करून म्हणायचा, "वर्डेल, अजून एक तुकडा." गेल्या मार्चमध्ये लॉइड वारला.

गंमत अशी की वर्डेल ती टर्की मार्लिसच्याच रेसिपीने करायची. एकोणीस वर्षांपूर्वी चर्चचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा बायकांनी पाककृतींचं एक पुस्तक छापून विकलं होतं. घराघरातून एकेक कृती. पान सत्तेचाळीसवर मार्लिसची टर्की, पान त्रेसष्टवर वर्डेलच्या लिंबाच्या वड्या. पुस्तकात निदान एक तरी पुरुष असावा म्हणून आर्डनकडूनही एक कृती घेतली होती, पान अठ्ठ्याऐंशी, उकडलेली अंडी. आजही गावात कुणाचंही पुस्तक उघडा, सत्तेचाळीसचं पान लोण्याच्या डागांनी पारदर्शक झालेलं असतं.

तर आर्डनने फळीवरून ते पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि पान सत्तेचाळीस उघडलं. त्याच्या मते काम तिथेच अर्धं झालं होतं. छापलेलं आहे, तसं करायचं. पोस्टात तरी दुसरं काय केलं होतं?

आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. ते पान खोटं होतं.

खोटं म्हणजे अगदी सगळं नव्हे. सारण खरं होतं, लोणी खरं होतं. पण पुस्तक छापायला जायच्या आदल्या रविवारी वर्डेल चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता चार बायकांना म्हणाली होती, "मार्लिसची टर्की? अगं, ती मूळ आमच्या आईची रीत. आमच्या घरात आल्यावर शिकली ती." मार्लिसने हे जिन्यावरून ऐकलं. तिच्या सासूने जन्मात टर्की भाजली नव्हती, बाई डुकराचं मांस करायची. मार्लिस तशीच घरी आली आणि कागदावर तीन बारीक दुरुस्त्या केल्या. ओव्हन सव्वातीनशे डिग्री फॅरेनहाइटचा होता, तो पावणेचारशे केला. दोन दिवस आधी पक्ष्याला मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडा ठेवायचा, ते गाळलं. आणि पहिले दोन तास टर्की छातीवर पालथी भाजायची, म्हणजे रस छातीत उतरतो, त्याचंही नाव काढलं नाही. वर्षभराने सांगून टाकू, असं तिने ठरवलं होतं. वर्षभराने लाज वाटायला लागली. आणि एकोणीस वर्षांनी तर कसं सांगणार?

बुधवारी तिने एकदा प्रयत्न केला. "आर्डन, मीठ—"

"अट!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

तिला वाटलं, एकेचाळीस वर्षं बघतोय, काहीतरी लक्षात असेलच. हा माणूस पुस्तक बघून करेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिने स्वतः ते पुस्तक पान त्रेसष्टसाठीच तेवढं उघडलेलं. (मार्लिसच्या हातून जगात एकच गोष्ट बिघडायची, लिंबाच्या वड्या. त्या कधी पडायच्याच नाहीत. आर्डन त्या वर्षानुवर्षं चमच्याने खात आला होता आणि 'छान झाल्यात' म्हणत होता.)

गुरुवारी सकाळी दहाला सोळा पौंडांची टर्की पाठीवर उताणी होऊन पावणेचारशे डिग्रीत गेली. बाराच्या सुमाराला वर्डेल वड्यांचा डबा घेऊन आली, आणि तिच्या मागोमाग आमचे तरुण पाळक टोलेफसन. पाळकसाहेब अविवाहित, सहा वर्षांपूर्वी गावात आले, तेव्हापासून सणाला कुणा ना कुणाकडे जेवतात.

वर्डेल कोट काढून बसली आणि म्हणाली, "मी माझं टर्कीचं भांडं चर्चच्या सेलला देऊन टाकलं."

"का गं?" मार्लिसने विचारलं.

"आता कुणासाठी करायची? आणि खरं सांगू, माझ्या हाताला चवच नाही. तुझी रेसिपी, तेच लोणी, तोच सेज, तरी दर वर्षी भुसा. लॉइडच्या वाट्याला मी आले बिचाऱ्याच्या. त्याला एकदा तरी धड टर्की करून घालायची होती गं."

नेमका त्याच वेळी आर्डन बाहेर आला. अंगात फुलाफुलांचा ॲप्रन, कानावर पेन्सिल, काखेत पुस्तक.

"सगळं पुस्तकाबरहुकूम चाललंय!" तो म्हणाला. "पान सत्तेचाळीस. अक्षर न अक्षर."

मार्लिसने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

बाईची काय अवस्था झाली असेल बघा. टर्की जर कोरडी निघाली, मार्लिसच्या घरी, मार्लिसच्या ओव्हनमध्ये, मार्लिसच्याच पानावरून, तर वर्डेलला दोन आणि दोन चार करायला किती वेळ लागणार? आणि हे सगळं पाळकांच्या देखत.

"आर्डन," ती शक्य तितक्या सहज म्हणाली, "ओव्हन जरा जास्त तापल्यासारखा वाटत नाही का?"

"पावणेचारशे. छापलंय तेवढंच."

"आपला ओव्हन जुना आहे. पन्नासने कमी केलास तर—"

"काय गं, स्वतःच्याच रेसिपीवर विश्वास नाही?" आर्डन हसला. पाळकही हसले.

"मीही पावणेचारशेच ठेवते," वर्डेल म्हणाली.

मार्लिसने घोटभर कॉफी घेतली. "बिचारी टर्की कधीची पाठीवर पडून आहे, नाही?"

"मार्लिस, ती मेलेली आहे."

मार्लिसने त्याला डोळा मारला. आर्डनला काळजी वाटली. त्याने पाळकांना बाजूला घेऊन सांगितलं, "दुखण्याच्या गोळ्या जरा जड पडतायत तिला. डोळा फडफडतोय." मग ती उठून स्वयंपाकघराकडे निघाली, तर हा दारात आडवा. "अट म्हणजे अट. बस तू. उशी देऊ का पाठीला?" आणि खरंच उशी आणून दिली. इतक्या प्रेमाने छळणाऱ्या माणसाला काय करावं?

अडीच वाजता टर्की टेबलावर आली. दिसायला झकास होती, हे कबूल केलं पाहिजे. आर्डनने सुरी घातली. कर्र झालं, पण मग पुढे करवतीने फांदी कापताना येतो तसा आवाज येऊ लागला. तो कापत राहिला, टेबल हलत राहिलं. ताटं भरली. पाळकांनी प्रार्थना केली आणि पहिला घास घेतला. ते चावत होते. मार्लिसने क्रॅनबेरीची चटणी पुढे केली, तरी चावत होते. बटाटे पुढे केले, ते अजून पहिल्याच घासावर होते.

"कशी झालीय?" आर्डनने विचारलं.

पाळकांनी मान हलवली. त्यातून काहीही अर्थ काढता आला असता.

वर्डेलने एक तुकडा तोंडात टाकला आणि ती थांबली. तिने काटा खाली ठेवला, ताटाकडे पाहिलं, मग टर्कीकडे.

"ही तर माझी टर्की आहे," ती म्हणाली.

"छे, छे, तुझी कुठली!" आर्डनने पुस्तक उंच धरलं. "पान सत्तेचाळीस! एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. चार वेळा तपासलं. देवाशपथ... माफ करा, पाळकसाहेब."

मार्लिसला एक वाट मोकळी होती. 'अरे आर्डन, काय करून ठेवलंस हे', एवढं म्हटलं असतं की भागलं असतं. आर्डनने काही बिघडवलं असेल यावर अख्ख्या गावाने विश्वास ठेवला असता. तिने तोंड उघडलं. मग तिने आर्डनकडे पाहिलं. त्या फुलाफुलांच्या ॲप्रनमध्ये तो छाती फुगवून उभा होता, शाबासकीची वाट बघत.

"ते पान खोटं आहे, वर्डेल," मार्लिस म्हणाली. "मीच खोटं लिहिलंय."

आणि तिने सगळं सांगितलं. तळघरातली कॉफी, जिना, पावणेचारशे, मीठ, पालथी टर्की, सगळं. "तुझ्या हाताला चव आहे. होतीच. मी तुझं वाटोळं केलं. मला माफ कर."

आर्डन मटकन खुर्चीत बसला. छापलेलं खोटं असू शकतं, हे त्याला पासष्टाव्या वर्षी कळत होतं.

वर्डेलचे डोळे भरून आले. "एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं लॉइड तो भुसा ग्रेव्हीत बुडवून खात राहिला, मार्लिस. आणि वर मागून घ्यायचा."

"त्याला फरक कळत होता गं," मार्लिस म्हणाली. "दर नोव्हेंबरला माझ्याकडे खायचा की तो. चांगली टर्की कशी लागते हे त्याला पक्कं माहीत होतं. पण इथे त्याने कधी दुसऱ्यांदा मागितली नाही. तुझीच मागायचा."

वर्डेलने रुमाल डोळ्यांना लावला. मग तिने वड्यांचा डबा पुढे ओढला, झाकण उघडलं आणि आतल्या खुटखुटीत, चौकोनी, पिवळ्याधमक वड्यांकडे बघत विचारलं, "मार्लिस, तुझ्या लिंबाच्या वड्या कधी पडल्या का गं?"

"नाही. एकदाही नाही."

"पडायच्याही नाहीत. अंडी चार लागतात. मी दोन छापली."

मार्लिसला जे हसू फुटलं, ते प्लॅस्टर टेबलावर आपटेपर्यंत थांबलं नाही. वर्डेलही हसायला लागली, रडता रडताच, आणि दोघी एकेक पान उकरू लागल्या. "आणि पान बारा?" "त्या ब्रेडमध्ये मीठच नाही लिहिलेलं!" "पान तीस?" "अगं, ते पान तर लोण्याची निम्मीच मात्रा सांगतं, सगळ्यांना माहीत आहे!"

"सगळ्यांना?" आर्डन म्हणाला.

"एकमेकींची पानं तेवढी खरी मानली आम्ही," वर्डेल म्हणाली.

पाळकांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी लग्न लावलेल्या प्रत्येक जोडप्याला हेच पुस्तक भेट देतो," ते म्हणाले. "एकतीस जोडपी झाली."

"तरीच त्या ओल्सनांच्या घरातून भांडणं ऐकू येतात," वर्डेल म्हणाली आणि बाह्या सरसावून उठली. "चल गं. वाचतेय का ही टर्की, बघू."

अट मोडली. दोघी स्वयंपाकघरात शिरल्या. तोंड मार्लिसचं, हात वर्डेलचे. आर्डन दारात उभा राहून बघत होता, आणि या वेळी खरंच बघत होता. "पातळ काप कर, आडव्या धाग्यात. मोठ्या ताटलीत पसर. मागच्या शेगडीवर सकाळपासून मानेच्या हाडांचं पाणी उकळतंय, ते ओत वर, काप बुडेपर्यंत. लोण्याचे गोळे टाक. आता घट्ट झाक आणि सव्वातीनशेवर वीस मिनिटं. घाई करायची नाही. आता ग्रेव्ही. पीठ परतून घे, अजून, बदामी होऊ दे. आर्डनच्या कपात सकाळची गार कॉफी उरली असेल बघ."

"कॉफी?" वर्डेल म्हणाली. "ग्रेव्हीत?"

"अर्धा कप. तोच तर रंग."

"त्याची उष्टी?"

"उकळते गं ती."

आर्डनला आत्ता उलगडलं की दर थँक्सगिव्हिंगला त्याचा कॉफीचा कप कुठे गायब व्हायचा. एकेचाळीस वर्षं गावभर गाजलेल्या त्या ग्रेव्हीत आपलाही हात होता, या विचाराने त्याचा ऊर भरून आला. एका हाताची बायको आणि डोळे सुजलेली बहीण, दोघींनी मिळून वीस मिनिटांत मेलेल्या टर्कीला परत माणसात आणलं होतं. पाळकांनी चार वेळा वाढून घेतलं. वर्डेलने दुसऱ्यांदा मागितलं, पहिल्यांदाच.

पोटं भरल्यावर आर्डनला वाचा फुटली. "पण हे बरं नाही केलंत तुम्ही लोकांनी," तो गंभीरपणे म्हणाला. "अख्ख्या पुस्तकात एक प्रामाणिक पान नसावं? एकच आहे. अठ्ठ्याऐंशी. मी काही म्हणजे काही लपवलेलं नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वर्डेलने पुस्तक ओढून पान अठ्ठ्याऐंशी काढलं. कोरं करकरीत होतं, एक डाग नाही. ती मोठ्याने वाचू लागली. "'सहा अंडी घ्यावीत. पातेल्यात ठेवावीत. मोठ्या आचेवर बारा मिनिटं ठेवावीत. सोलावीत.'" तिने चष्म्यावरून पाहिलं. "पाणी कुठाय, आर्डन?"

आर्डनने पुस्तक हातात घेतलं. पान उलटून पाहिलं, मागेही नव्हतं.

"गावातल्या सगळ्या बायकांत तुझं नाव आहे," मार्लिस म्हणाली. "म्हणतात, आपण मीठ चोरलं, लोणी चोरलं, पण मार्लिसचा तो गरीब दिसणारा नवरा सगळ्यात पोचलेला. त्याने पाणीच चोरलं. एकोणीस वर्षं मान आहे तुला. मी कधी मोडला नाही."

"अगं, पण पाणी घालायचं असतं हे कुणालाही कळतं!" आर्डन तडकला. "छापलंय तेवढंच करणारा इतका बावळट माणूस या जगात असेल का कुणी?"

पाळकांनी खाकरून घसा साफ केला. "मी गावात नवीन होतो," ते ताटाकडे बघत म्हणाले. "पातेलं फेकून द्यावं लागलं."